लाल्याच्या चाळीस कांड्या

कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये परदेशांशी झालेले अकरा करार फ्रेम करून लावले होते, आणि गोठ्यात जनावरं होती साडेचार. चार हाडामांसाची. अर्धं म्हणजे जर्मनांनी भेट दिलेली प्लास्टिकची गाय. तिला पुढचा भागच नव्हता. नुसतं मागचं धड, आणि आत प्लास्टिकचं वासरू. पोरं तिच्यात खांद्यापर्यंत हात घालून परीक्षा पास व्हायची, आणि खऱ्या गायीनं पाय उचलला की चार पावलं मागं सरायची. "हे म्हणं डाक्टर!" सोपानराव बोरगे म्हणायचे आणि तंबाखूची पिंक टाकायचे.

सोपानराव पुनावळ्याचे. त्यांच्या भावकीच्या शेतात आता एकवीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकाही माणसाला म्हशीची धार काढता येत नाही, हे ते अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. या पशुवैद्यकीय कॉलेजात ते चाळीस वर्षं परिचर होते. जनावर धरायचं, आडवं पाडायचं, शेण काढायचं, टाके घालताना डॉक्टरच्या हाताखाली उभं राहायचं, आणि डॉक्टर नवखा असला तर टाकेही आपणच घालायचे. सात प्राचार्य त्यांनी येताना-जाताना पाहिले. एकालाही मनापासून नमस्कार केला नाही. या महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते, आणि नेमका त्याच आठवड्यात कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला होता.

प्राचार्य डॉ. रविराज यांनी दर्शनी भिंतीवर कॉलेजचा इतिहास रंगवून घेतला. स्थापना १९७५, मग डेन्मार्क, मग हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, जपान. कुठल्या साली कुणाशी सही झाली ते सगळं. जपानी कसे आले ते भिंतीवर नव्हतं, पण सोपानरावांना पाठ होतं. चाकणच्या एका कंपनीत मशीन बसवायला आलेल्या साहेबाच्या बायकोचं कुत्रं आजारी पडलं. कुत्रं बरं झालं, बाईचा भाऊ तिकडं कुठल्याशा प्राण्यांच्या कॉलेजात मास्तर निघाला, आणि झाला करार. त्या करारातून आजवर एक भिंतीवरचं कॅलेंडर आलं होतं, तेही गेल्या सालचं.

"डोंबलाचे आंतरराष्ट्रीय संबंध," सोपानराव म्हणायचे. दहा करारांबद्दल ते असं मोकळेपणानं बोलत. अकराव्याचा, म्हणजे सगळ्यात पहिल्या, डेन्मार्कच्या कराराचा विषय निघाला की मात्र त्यांना गोठ्यात काहीतरी काम आठवायचं.

१९८६ साली तिकडून डॉ. ओल्सेन आला. कासारवाडीला स्टेशनाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन चार वर्षं राहिला, सायकलवर हिंडला, गावागावांत गोठ्यांत शिरला. सोपानरावांनी आयुष्यात ज्याला माणूस म्हटलं असा साहेब हा एकच. त्यानं प्राध्यापकांना बाजूला ठेवून दोन परिचरांना हाताशी धरलं. एक सोपान, दुसरा बबन सुरवसे, औशाकडून पोटासाठी आलेला. ओल्सेननं येताना अॅल्युमिनियमचा एक डबा आणला होता. डब्यात धूर सोडणारं द्रव नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या काडीएवढ्या बारीक नळ्या. प्रत्येक नळीत तिकडच्या एका तांबड्या वळूचं गोठवलेलं वीर्य. अशा नळीला आपल्याकडं कांडी म्हणतात; कांडी भरली की गाय गाभण. त्या वळूचं डॅनिश नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बबननं त्याला लाल्या म्हटलं, आणि ओल्सेनही लाल्याच म्हणू लागला.

लाल्याची बारा-तेरा वासरं मावळात जन्माला आली. मग सरकारी धोरण बदललं, काळ्या-पांढऱ्या गायींचं खूळ आलं, ओल्सेन परत गेला. चाळीस कांड्या उरल्या. जाताना तो दोघांना म्हणाला, हा डबा कधी कोरडा पडू देऊ नका. एकदा कोरडा पडला की आतलं सगळं मेलं. वरून कितीही नायट्रोजन ओता, मेलेलं परत उठत नाही. डबा जुना झाला तसा आठ दिवसांतच तळ गाठायला लागला. मग चाकणच्या गॅस कंपनीतून नायट्रोजन आणायचं आणि दर रविवारी डबा भरायचा, अशी पाळी दोघांनी लावून घेतली. एक रविवार सोपानचा, एक बबनचा. ज्यानं भरलं त्यानं रजिस्टरात सही करायची. बबन सही करताना अंगठ्यानं ओळ धरायचा आणि नाव पूर्ण लिहायचा. असला भित्रा, नियमात राहणारा माणूस. सोपानराव त्याला तोंडावर मेंढरू म्हणायचे.

आता खरं सांगायचं तर त्या चाळीस कांड्या मेलेल्या होत्या. २००४च्या मे महिन्यापासून.

त्या मे महिन्यात एका रविवारी सोपानरावांच्या पूनमचं लग्न होतं. पाळी बबनची होती. सोपानराव शुक्रवारी त्याला म्हणाले, "तू सकाळी सातला मांडवात पायजे, वाढपी कमी हायेत. डबा मी शनवारीच भरून ठिवतो." बबन बरं म्हणाला. शनिवारी हळद, पाहुणे, सोनाराकडं फेऱ्या. डबा राहिला. नुसता राहिलाच नाही, डोक्यातूनच गेला. पाठवणी झाली, मांडवपरतणी झाली, गुरुवारी सोपानराव कामावर आले आणि झाकण उघडलं, तर धूर नाही. आत हात घातला तर कोमट. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि डबा गुपचूप काठोकाठ भरून टाकला. रजिस्टरात त्या रविवारची ओळ कोरी होती. आपण न केलेल्या कामाची सही बबननं केली नव्हती, आणि आपली सोपानरावांनी केली नाही.

तेव्हापासून एकवीस वर्षं ते मेलेल्या कांड्यांना नायट्रोजन पाजत आले. आणि मजा बघा, त्याची लाज वाटायच्या ऐवजी त्यांना दुसऱ्यांचाच राग यायचा. एवढे मोठे प्राध्यापक, भारीतला मायक्रोस्कोप, आणि एकवीस वर्षांत एकाही शहाण्याला एक कांडी फोडून बघावीशी वाटली नाही! प्रत्येक परदेशी पाहुण्याला डबा दाखवायचे, हळद-कुंकू तेवढं वाहायचं बाकी होतं. "ह्यांच्या म्होरं मेलंबी जित्तं म्हणून खपतं," असं ते मनाशी म्हणत आणि आपल्याच चुकीवर टेचात उभे राहत. बबन निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत करोनात गेला. शुक्रवारचं ते बोलणं माहीत असलेला आता जगात एकच माणूस उरला, असं सोपानरावांनी धरलं.

महोत्सवाच्या पाच दिवस आधी डेन्मार्कहून डॉ. कारेन आल्या. उंच, पन्नाशीच्या, पायात गमबूट घालूनच गाडीतून उतरल्या. त्यांनी सांगितलं ते ऐकून प्राचार्यांना आकाश ठेंगणं झालं. लाल्याचा वंश तिकडं संपला होता. त्या जुन्या तांबड्या जातीचं ते रक्त आता जगात कुठंच नव्हतं, फक्त इथं, या डब्यात. कारेनना त्यातल्या वीस कांड्या परत न्यायच्या होत्या. बदल्यात पाच वर्षांचा करार, दरवर्षी दोन विद्यार्थी तिकडं. बारावी फ्रेम! प्राचार्यांनी लगेच कार्यक्रम वाढवला. डबा जपणाऱ्या दोन सेवकांचा सत्कार. सोपानरावांना शाल, आणि कैलासवासी बबनरावांच्या पत्नीला, रुक्मिणीबाईंना, शाल. बबनरावांचा फोटोही मोठा करून आणला.

सोपानरावांच्या नोकरीचे पाच दिवस उरलेले. त्यांनी हिशोब मांडला, की बाई कांड्या घेऊन जातील, तिकडं गेल्यावर त्या मेलेल्या निघतील, आणि दोष विमानाला जाईल. तोवर आपण घरी. पण कारेन म्हणाल्या, नेण्याआधी इथंच एक तपासू या.

तपासायचं काम रुपालीचं. ती प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, लातूरकडची, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि बऱ्यापैकी इंग्रजी बोलते म्हणून पाहुण्यांची दुभाषीही. तिनं चिमट्यानं कांडी उचलली, कोमट पाण्यात धरली, पुसली, टोक कापलं, काचेवर थेंब टाकला आणि डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग दुसरी कांडी. मग तिसरी. कारेननी स्वतः डोळा लावला. काचेवर काहीच हलत नव्हतं.

प्राचार्यांचा चेहरा पडला. पण बहाद्दर सावरला केवढ्या चपळाईनं! दुपारपर्यंत चौकशी समिती, दोनपर्यंत रजिस्टर टेबलावर, तीनला निकाल. इतक्या वर्षांत कोरी ओळ एकच, आणि त्या रविवारची पाळी बबन सुरवसेंची. "मेलेल्या माणसावर कारवाई होत नाही," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की सोपानरावांना किळस आली. किळस आली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ते गप्प बसले. महोत्सवाच्या स्मरणिकेत एक ओळ वाढवली गेली, की कै. बबन सुरवसे यांच्या हलगर्जीपणामुळे हा जागतिक ठेवा नष्ट झाला. फोटो दारामागं गेला, रुक्मिणीबाईंची शाल रद्द झाली.

"त्यांना तुम्हीच सांगा," प्राचार्य सोपानरावांना म्हणाले. "तुमचा घरोबा आहे."

संत तुकाराम नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. रुक्मिणीबाईंनी कार्यक्रमाची पत्रिका फ्रिजवर चिकटवली होती, इस्त्री केलेलं लुगडं खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं. त्यांनी पाणी दिलं. सोपानराव पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, कार्यक्रमात जरा बदल झालाय. कांड्या मेल्याल्या निघाल्या. रजिस्टरात एक रविवार कोरा हाय. बबनच्या पाळीचा."

"पूनमच्या लग्नाचा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सोपानरावांच्या हातात भांडं तसंच राहिलं.

"मला सगळं ठावं हाय, भाऊजी. सकाळी सातपासून ते तुमच्या मांडवात बुंदी वाढत व्हते. बदल्यात तुमची पाळी घेऊन पुढल्या रविवारी डबा भराया गेले अन् घरी येऊन जेवलेच न्हाईत. म्हनले, शनवारी भरला असता तर डबा आता तळाला पायजे व्हता, ह्यो तर निम्म्याच्या वर हाय. म्हंजे सोपानानं मधीच भरला. म्हंजे शनवारी भरलाच न्हवता. मी म्हनलं, मग साहेबाला सांगा की वो. तर म्हनले, पोरीच्या हाताची मेंदी अजून उतरली न्हाई, तिच्या बापाची नोकरी घालवू का?"

सोपानरावांनी भांडं खाली ठेवलं.

"तुमी त्यान्ला मेंढरू म्हनायचे," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "घरी येऊन हसून सांगायचे मला. सोळा-सतरा वरसं त्यांनी तुमच्या मांडीला मांडी लावून डबा खाल्ला, कधी तोंडातून शबुद काढला न्हाई. अन् तुमी आज हितं मला सांगाया आलाव, की पाळी त्यांची व्हती."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं; भांडणात सोपानराव कुणाला हार जात नसत. बाईंनी खुर्चीवरचं लुगडं उचललं, झटकलं आणि परत घडी घातली. "शाल न्हाई तर न्हाई. मी येनार हाय. माझ्या मालकाच्या नावानं काय बोलत्यात ते ऐकाया येनार हाय."

त्या जिन्यावरून उतरताना सोपानरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली. चाळीस वर्षं ज्याला त्याला नावं ठेवत आलो, साहेबांना लबाड म्हटलं, पोरांना भेकड म्हटलं, आणि सगळ्यांत लबाड नि भेकड आपणच निघालो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभे राहिले. "साहेब, डबा म्या कोरडा पाडला. लिवून घ्या. स्मरणिकेतली वळ काढा."

प्राचार्यांनी उठून दार लावलं. "सोपानराव, वेड लागलंय का? कारेन मॅडम म्हणतात, मेलेल्या कांड्यांतूनही वंशाची माहिती काढता येते. करार होतोय. पाहुणे खूश, संस्था खूश. आता पुन्हा चौकशी उघडू? तुमची पेन्शन अडकवू? बबनराव गेले, त्यांचं आता काय बिघडणार आहे?"

"नाव, साहेब."

"नाव!" प्राचार्य हसले. "स्मरणिका छापायला गेली. कोण वाचतंय हो? परवा शाल घ्या, नारळ घ्या, आणि घरी जा."

कुणी वाचत नाही हे खरंच होतं. ज्या ओळीनं माणूस बुडाला ती कुणी वाचतसुद्धा नाही, आणि तरी ती काढायची नाही. असल्या माणसांना शिव्या देत सोपानरावांनी जन्म काढला होता. त्या दिवशी शिवी तोंडात आली नाही, कारण याच माणसाच्या खोट्याखाली ते स्वतः दोन दिवस आरामात झोपले होते.

महोत्सवाला सभागृह खच्चून भरलं. कराराच्या सह्या झाल्या, बारावी फ्रेम आधीच तयार होती, प्राचार्यांनी आणि कारेननी ती धरून फोटो काढून घेतला. रुक्मिणीबाई दुसऱ्या रांगेत, रुपालीच्या शेजारी बसल्या होत्या. स्मरणिका सगळ्यांना वाटली होती. बाईंनी ती रुपालीकडून वाचून घेतली आणि मांडीवर ठेवली. मग सोपानरावांचं नाव पुकारलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. आभार मानून बसायचं सोडून त्यांनी माईक धरला.

"ह्या पुस्तकात बबनचं नाव घातलंय," ते म्हणाले. "ते खोटं हाय. डबा म्या कोरडा पाडला. माझ्या पोरीच्या लग्नात. बबनला ठावं हुतं आणि त्यानं मला वाचवला. आन् एकवीस वर्सं म्या गप बसलो. त्याच्या मालकिणीची सगळ्यांम्होरं माफी मागतो."

व्यासपीठावर कारेन प्राचार्यांकडं वळल्या. प्राचार्यांनी त्यांच्या कानाशी झुकून, चेहऱ्यावर हसू ठेवून, दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली. कारेन भारावल्या. त्या उठून उभ्या राहिल्या, सोपानरावांकडं बघून टाळ्या वाजवू लागल्या. पाहुण्या उभ्या राहिल्या म्हणून संस्थेचे अध्यक्ष उभे राहिले, मग पहिली रांग, मग सगळे. ज्यांना एकेक शब्द कळला होता तेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी माईक बंद केला.

चहाच्या वेळी कारेन त्या गर्दीतून वाट काढत, अजून डोळे पुसत उभ्या असलेल्या सोपानरावांपाशी आल्या. माणूस कृतज्ञतेनं असा रडत नाही, एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी रुपालीला बोलावलं आणि विचारलं, हे नक्की काय म्हणाले?

रुपालीनं प्राचार्यांकडं पाहिलं. ते चार पावलांवर कप हातात धरून उभे होते आणि तिच्याकडंच बघत होते. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. तिनं मान खाली घातली आणि इंग्रजीत म्हणाली, सर म्हणाले तेच. त्यांनी आभार मानले.

एवढं इंग्रजी सोपानरावांना ओल्सेनपासून कळत होतं. त्यांच्या डोक्यात सणक गेली. भित्री, लाचार, पोटार्थी, सगळे शब्द एकदम तोंडापर्यंत आले. त्यांनी रुपालीकडं बोट उगारलं.

तेवढ्यात रुक्मिणीबाईंनी मधे येऊन त्यांचा हात खाली केला.

"तिला काई बोलू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिला नोकरी टिकवायची हाय. तुमचीबी अशीच टिकली."